टपाली मतदानाचे नियम : करमाड परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश : भारतात सर्वसामान्य मतदारास मतदानाच्या दिवसापूर्वी मत देण्याचा अधिकार नाही. काही विशिष्ट वर्गांनाच टपाली मतपत्रिकेची सवलत कायद्याने दिली आहे. हे वर्ग कोणते, त्यांनी कोणती कार्यपद्धती पाळावयाची आणि कोणता मतदार या सवलतीबाहेर राहतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. लेखाची व्याप्ती लोकसभा व विधानसभा निवडणुकांपुरती मर्यादित आहे.

बीजसंज्ञा : टपाली मतपत्रिका, गृहमतदान, सेवा मतदार, नमुना १२-ड, स्थलांतरित मतदार.

प्रस्तावना :

छत्रपती संभाजीनगर ते जालना या मार्गावर करमाड हे गाव वसलेले आहे. शेंद्रा औद्योगिक वसाहत जवळच असल्याने येथे शेतकरी, कारखान्यातील कामगार, शिक्षक, शासकीय कर्मचारी आणि सैन्यदलात असलेल्या जवानांची कुटुंबे असा मिश्र समाज आढळतो. जिल्हा छत्रपती संभाजीनगर असला तरी लोकसभेसाठी हे गाव जालना मतदारसंघात मोडते. अशा एखाद्या गावातील सर्वच मतदार मतदानाच्या दिवशी गावात असतील, असे गृहीत धरता येत नाही. मग त्यांच्या मताचे काय होते, हा प्रश्न लोकशाहीच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

कायदेशीर आधार :

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ६० मध्ये विशिष्ट वर्गांसाठी मतदानाची वेगळी पद्धत सांगितली आहे, तर तिचा तपशील निवडणूक संचालन नियम, १९६१ मध्ये दिला आहे. सेवा मतदार, निवडणूक कामावरील मतदार, प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतील मतदार आणि निवडणूक आयोगाने शासनाशी विचारविनिमय करून अधिसूचित केलेले मतदार हे त्यांतील प्रमुख वर्ग होत. शेवटच्या वर्गाची तरतूद १९९९ च्या दुरुस्तीने कायद्यात आली व तिचा लाभ विस्थापित काश्मिरी मतदारांना झाला. या तरतुदीचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

अमेरिकेतील ओरेगन राज्याने १९९८ मधील जनमत कौलानंतर सर्व मतदारांसाठी टपाली मतदान स्वीकारले. जर्मनीत १९५७ पासून टपालाने मत देण्याची सोय आहे. भारताने मात्र मतदान केंद्रावरील प्रत्यक्ष मतदान हा नियम आणि टपाली मतदान हा अपवाद मानला आहे.

वर्गनिहाय कार्यपद्धती :

१) ज्येष्ठ व दिव्यांग मतदार : ऑक्टोबर २०१९ मधील नियमदुरुस्तीने ८० वर्षांवरील आणि दिव्यांग मतदारांना घरून मत देण्याची सोय झाली. मार्च २०२४ मध्ये ही वयोमर्यादा ८५ वर्षे करण्यात आली. दिव्यांगत्व किमान ४० टक्के असणे आवश्यक आहे. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत नमुना १२-ड भरून द्यावा लागतो. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी हा नमुना घरी आणून देतात व भरलेला नमुना परत नेतात. त्यानंतर पूर्वसूचना देऊन मतदान पथक घरी येते. मताची गुप्तता राखून प्रक्रियेचे चित्रीकरण केले जाते. पहिल्या भेटीत मतदार घरी न आढळल्यास पथक दुसऱ्यांदा येते, मात्र तिसरी भेट होत नाही. ही सवलत ऐच्छिक आहे. तथापि एकदा ती मंजूर झाली की त्या मतदारास केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, ही गोष्ट कुटुंबीयांनी अर्ज करण्यापूर्वीच लक्षात घेतली पाहिजे.

२) निवडणूक कामावरील कर्मचारी : करमाड येथील एखाद्या शिक्षकाची नेमणूक स्वतःच्या मतदारसंघाबाहेर झाल्यास त्यास टपाली मतपत्रिका मिळते. त्यासाठी नमुना १२ मध्ये अर्ज करावा लागतो. नेमणूक स्वतःच्याच मतदारसंघातील अन्य केंद्रावर असेल, तर निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्राच्या आधारे तेथेच यंत्रावर मत देता येते. त्यामुळे तोच शिक्षक लोकसभेला प्रमाणपत्रावर आणि विधानसभेला टपाली मतपत्रिकेवर मतदान करू शकतो, कारण दोन्ही निवडणुकांत मतदारसंघाच्या सीमा वेगळ्या असतात. पूर्वी कर्मचारी मतपत्रिका स्वतःजवळ ठेवून मतमोजणीपर्यंत केव्हाही परत पाठवू शकत. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ती सुविधा केंद्रावरच स्वीकारून, तेथेच मत नोंदवून परत करावी लागते. मतपत्रिका दीर्घकाळ हाती राहिल्यास दबावाला वाव मिळतो, हे या बदलामागील कारण होय.

३) सेवा मतदार : सैन्यदलातील जवानांना २०१६ पासून कोरी मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठविली जाते. तिची छापील प्रत काढून, मत नोंदवून ती टपालानेच परत पाठवावी लागते. म्हणजे जाण्याचा प्रवास जलद झाला, परतीचा तसाच राहिला. मतमोजणी सुरू होण्याच्या नियत वेळेपूर्वी ती निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोहोचली नाही, तर विचारात घेतली जात नाही. २००३ च्या दुरुस्तीने जवानांना आपल्या वतीने मत देण्यासाठी प्रतिनिधी नेमण्याचा पर्यायही दिला आहे.

४) अत्यावश्यक सेवेतील कर्मचारी : आयोगाने अधिसूचित केलेल्या सेवांतील कर्मचाऱ्यांना नमुना १२-ड भरून टपाली मतदान केंद्रावर आगाऊ मत देता येते. आपल्याकडील आगाऊ प्रत्यक्ष मतदानाच्या सर्वांत जवळची अशी ही व्यवस्था आहे. शेंद्रा येथील खाजगी कारखान्यातील कामगार मात्र यात बसत नाही. त्याच्यासाठी कलम १३५-ब नुसार मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी हाच आधार आहे.

टपाली मताचे मूल्य :

टपाली मते संख्येने थोडी असल्याने ती निकालात गौण ठरतात, असा समज आढळतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीतील मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघाचा निकाल हा समज खोडून काढतो. तेथे मतदान यंत्रांवरील मोजणीत अमोल कीर्तिकर यांना ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर यांना ४,५१,०९४ मते होती, म्हणजे कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मते अनुक्रमे १,५०१ व १,५५० पडली आणि वायकर ४८ मतांनी विजयी झाले. त्याच मतमोजणीत १११ टपाली मते बाद ठरली होती. विजयाच्या फरकापेक्षा बाद मतांची संख्या दुपटीहून अधिक होती, ही बाब विचार करावयास लावणारी आहे.

टपाली मत प्रामुख्याने तांत्रिक चुकांमुळे बाद होते. घोषणापत्रावर स्वाक्षरी किंवा साक्षांकन नसणे, घोषणापत्र व आतील लिफाफा यांवरील मतपत्रिकेचा क्रमांक न जुळणे, एकाहून अधिक उमेदवारांपुढे खूण करणे अथवा मतदाराची ओळख पटेल असे चिन्ह करणे, ही त्यांतील नेहमीची कारणे होत. मतदान यंत्रावर या चुका संभवतच नाहीत. म्हणून टपाली मतदारास अधिक मार्गदर्शनाची गरज असते.

सवलतीबाहेरील मतदार :

मराठवाड्यातील ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. लोकसभेच्या वेळी ते बहुधा गावी असतात. जालना मतदारसंघात २०२४ साली १३ मे रोजी मतदान झाले. २०१४ व २०१९ च्या विधानसभा निवडणुकांचे मतदान अनुक्रमे १५ व २१ ऑक्टोबर रोजी, म्हणजे हंगाम भरात येण्यापूर्वी झाले. २०२४ मध्ये मात्र मतदान २० नोव्हेंबरला आले, तर गळीत हंगाम १५ नोव्हेंबरपासून सुरू करण्याचे शासनाने ठरविले होते. ज्याचे नाव गावच्या यादीत आणि देह फडात, त्याला मत द्यायचे तर मजुरी बुडवून परत येण्याखेरीज मार्ग नाही. उचल घेऊन गेलेल्या कुटुंबास तो मार्ग परवडणारा नसतो.

आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राची संकल्पना मांडली. एका यंत्रावर ७२ मतदारसंघांचे मतदान घेता यावे अशी ती रचना होती, पण ती अमलात आलेली नाही. तथापि यंत्राची वाट पाहणे हाच एकमेव पर्याय नाही. अधिसूचित मतदारांची तरतूद कायद्यात आधीच आहे. ज्येष्ठांसाठी २०१९ मध्ये अधिनियम न बदलता केवळ नियमांत दुरुस्ती करण्यात आली. त्याच मार्गाने साखर कारखान्यांच्या परिसरात टपाली मतदान केंद्रे उघडता येतील. मुकादमाचा दबाव, ओळखीची खात्री आणि मतदारसंघनिहाय मतपत्रिका पोहोचविणे या अडचणी खऱ्या आहेत. मात्र सुविधा केंद्रावरच मत नोंदविण्याची २०२३ ची अट दबावाच्या प्रश्नावर काही अंशी उत्तर देते.

निष्कर्ष :

टपाली मतदानाचे नियम ज्यांचे कर्तव्य, वय वा शारीरिक अवस्था त्यांना केंद्रापासून दूर ठेवते, त्यांची दखल घेतात. पोटासाठी दूर गेलेल्याची दखल ते अद्याप घेत नाहीत. आहे त्या सवलतीचा लाभ घेण्यासाठी नमुना १२-ड ची पाच दिवसांची मुदत गावोगावी माहीत होणे, हे तातडीचे काम होय. महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना ते सहज करता येईल. ऊसतोड कामगारांच्या मताचा प्रश्न मात्र शासन व आयोग यांनीच सोडवावयाचा आहे, आणि त्यासाठी पुढील विधानसभा निवडणुकीपर्यंतचा अवधी हाती आहे.