पाळी थांबली की कोलेस्ट्रॉलही पाहून घ्या

मैत्रिणींनो, आपल्या गटांत पंचेचाळीस-पन्नाशीच्या ताया पुष्कळ आहेत. पाळी गेली की "सुटलो बाई एकदाच्या" असं आपण म्हणतो, आणि ते खरंच आहे. पण त्याच सुमारास रक्तात एक बदल होतो. तो दुखत नाही, दिसत नाही, म्हणून त्याची कोणी चर्चाही करत नाही.

पाळी सुरू असते तोवर शरीरात इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन भरपूर बनतं. यकृत रक्तातलं वाईट कोलेस्ट्रॉल, म्हणजे रिपोर्टवरचं एलडीएल, ओढून घेतं. या कामात इस्ट्रोजेनची त्याला मदत असते. पाळी थांबते तसं इस्ट्रोजेन कमी होतं आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. मग पाटाच्या चारीत गाळ बसावा तसं ते रक्तवाहिनीच्या भिंतीत साचतं. अमेरिकेत बायकांचं रक्त वर्षानुवर्षं तपासून पाहिलं, तेव्हा शेवटच्या पाळीच्या मागच्या-पुढच्या वर्षभरातच एलडीएल झपाट्यानं वाढलेलं दिसलं. म्हणून बेचाळीसाव्या वर्षीचा चांगला रिपोर्ट पन्नाशीत कामाचा नाही.

ज्यांची गर्भपिशवी काढली आहे, त्यांनी हे जास्त लक्ष देऊन वाचा. पिशवीसोबत दोन्ही अंडाशयंही काढली असतील, तर इस्ट्रोजेन एकदम कमी होतं, मग वय पस्तीस का असेना. ऑपरेशनचा कागद पेटीत पडला असेल तर काढा आणि नेमकं काय काढलं ते डॉक्टरांना वाचायला सांगा.

"आम्ही दिवसभर वावरात राबतो, आम्हाले काहून होईल कोलेस्ट्रॉल?" हा प्रश्न हमखास येतो. मेहनतीचा फायदा आहेच. पण बरंचसं कोलेस्ट्रॉल यकृत स्वतःच बनवतं, त्यामुळे काटक्या बाईचंही वाढू शकतं. आयसीएमआरच्या एका मोठ्या पाहणीत महाराष्ट्रही होता. २०१४ साली तिचे आकडे आले. १०० पैकी ७९ जणांच्या रक्तातल्या चरबीत काही ना काही बिघाड निघाला. सगळ्यात जास्त आढळलं ते चांगलं कोलेस्ट्रॉल, एचडीएल, कमी असणं.

रिपोर्ट हाती आला की एलडीएल १०० च्या आत आहे का पाहा. १३० च्या वर असेल तर डॉक्टरांशी बोलाच. बाईचं एचडीएल ५० च्या वर हवं, आणि ट्रायग्लिसराइड उपाशीपोटी १५० च्या आत. शुगर किंवा बीपी असेल तर डॉक्टर याहून कडक आकडा सांगतील. तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे एचबीए१सी, वयाबरोबर थोडी वर सरकते. ५.७ च्या आत ठीक, ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. मात्र लोह कमी असलेल्या बाईत हा आकडा खोटाच जास्त दिसू शकतो, तेव्हा हिमोग्लोबिनही सोबत पाहायला सांगा.

घरात सत्तरीच्या सासूबाई असतील आणि त्यांचं कोलेस्ट्रॉल आपोआप उतरलं असेल, तर लगेच खूश होऊ नका. म्हातारपणी जेवण तुटलं, वजन उतरलं, आतून आजार असला तरी ते उतरतं.

आता महत्त्वाचं. आशाताई तिशीनंतरच्या सगळ्यांचा फॉर्म भरतात, बीपी आणि बोटातून शुगर पाहिली जाते. "माही तपासणी झाली" असं आपण म्हणतो, पण त्यात कोलेस्ट्रॉल नसतं. ते वेगळं मागावं लागतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. वाडेगाव असो, पारस असो की उरळ, आपल्या केंद्रावर "लिपिड प्रोफाइल" हाच शब्द वापरा. तिथं होत नसेल तर कुठं पाठवता तेही विचारा.

आकडा वाढलेला निघाला तर डालडा आणि पुन्हापुन्हा तापवलेलं तळणाचं तेल आधी बंद करा. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, जवसाची चटणी हे आपलं जेवण चांगलंच आहे, ते सोडून ओट्स आणायची गरज नाही. तंबाखू, गुडाखू सुटलंच पाह्यजे. डॉक्टरांनी गोळी दिली तर आकडा उतरला म्हणून मनानं बंद करू नका, कारण तो गोळीनंच उतरलेला असतो.

आणि बाईच्या हृदयविकारात छातीत कळ येईलच असं नाही. जबडा, पाठ किंवा खांदा भरून येणं, धाप, मळमळ, दरदरून घाम असं अचानक झालं तर ॲसिडिटी म्हणून सोडा पिऊन झोपू नका. १०८ ला फोन लावा.