दवाखाना विनामूल्य, चिठ्ठी बाहेरची

महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार सर्वांस विनामूल्य केले. या निर्णयास आक्षेप घेणारे म्हणतात की, फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही. ज्यास ऐपत आहे त्याने पैसे मोजावेत, गरिबास तेवढी सवलत असावी. वरवर पाहता हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. आम्हांस मात्र तो मान्य नाही.

हौसेखातर कोणी शस्त्रक्रिया करून घेत नाही, ही पहिली गोष्ट. दुसरी अशी की, गरीब कोण हे ठरवावयाचे कसे? धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य राखण्याची योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू आहे. परंतु तिचा लाभ घ्यावयाचा तर रुग्ण खाटेवर आणि मुलगा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत, असा प्रसंग येतो. ऐपतदारांनी पैसे अवश्य द्यावेत; पण ते धडधाकट असताना, कररूपाने. पैशाअभावी कोणी उपचारास वंचित राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ सालीच सांगितले. ब्रिटनने १९४८ मध्ये ते अमलात आणले. आणि १९५१ साली कवळ्या व चष्मे यांवर शुल्क बसविण्याचे ठरताच त्या योजनेचे जनक अन्युरिन बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

तथापि, शुल्काची पाटी उतरविली म्हणजे उपचार विनामूल्य झाले असे नव्हे. औषध संपल्याचे सांगून बाहेरच्या दुकानाची चिठ्ठी हाती ठेवली, तर केसपेपरचे वाचलेले पैसे काय कामाचे? शासकीय आरोग्यखर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे २०१७ च्या राष्ट्रीय धोरणाने ठरविले होते; २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. त्या वर्षी देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भार कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून उचलला.

म्हणून बाहेरून आणावयास सांगितलेल्या प्रत्येक औषधाची नोंद रुग्णालयांनी ठेवावी, शासनाने ती दरमहा जाहीर करावी आणि त्या प्रमाणात तरतूद वाढवावी. विम्याच्या आधाराने खासगी रुग्णालयाची वाट धरणाऱ्या मध्यमवर्गानेही एक ध्यानी घ्यावे. विम्याची रक्कम एका दीर्घ दुखण्यात सरते. सरकारी दवाखाना गरिबांचा म्हणून आपण त्याकडे पाठ फिरविली, तर त्याच्या दुरवस्थेचा जाब विचारणारे कोणी उरणार नाही. आणि उद्या त्याच दारी जाण्याची पाळी आपल्यावर येईल.