शिवराईची पारख

राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यातल्या पाली गावातून राजगडावर चढणारी वाट ही गडाची राजवाट. ऐसपैस पायऱ्या, एकामागोमाग दोन दरवाजे, आणि पहिल्या दरवाजाची उंची अंबारीसकट हत्ती आत जावा एवढी. राजधानी रायगडावर जाईपर्यंत सुमारे पाव शतक स्वराज्याचा कारभार याच डोंगरावरून चालला. राज्याचा जमाखर्च इथे लिहिला गेला, शिबंदीच्या पगाराचे हिशेब इथे झाले. मग त्या काळी गडावर खुळखुळणारी नाणी कोणाची होती?

१६६५च्या पुरंदरच्या तहातले आकडे पाहा. मोगलांना २३ किल्ले आणि ४ लाख होन वसुलाचा मुलूख गेला. शिवाजी महाराजांकडे राजगड-तोरण्यासह १२ किल्ले आणि १ लाख होनांचा मुलूख उरला. राज्याचा वसूल होनांत मोजला जात होता, पण होन हे दक्षिणेतल्या अनेक सत्तांनी पाडलेले सोन्याचे नाणे. कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत खजिन्यातल्या सोन्याच्या नाण्यांची यादी दिली आहे. तिच्यात देवराई, अच्युतराई, कावेरीपाक, पुतळी अशी नावे एकापाठोपाठ येतात आणि त्यांतच शिवराई होनही येतो. प्रत्येक नाण्याचे वजन वेगळे, कस वेगळा. तेव्हा पोतदाराची नजर पक्की नसती तर असा खजिना सांभाळता आला नसता.

राजगडाच्या नावावर एक प्रश्न अजून उभा आहे. १६६४च्या जानेवारीत शहाजीराजे गेले. त्यानंतर शिवाजीराजांनी ‘राजा’ हे पद घेतले आणि आपल्या नावाने नाणी पाडली, असे ग्रँट डफने १८२६मध्ये छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहिले. ते खरे धरले तर ती नाणी राज्याभिषेकाच्या दहा वर्षे आधीची, राजगडाच्या काळातली ठरतात. पण आज हातात येणारी तांब्याची शिवराई वेगळीच साक्ष देते. तिच्या एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’ असते. छत्रपती हे पद ६ जून १६७४चे. म्हणून नाणकशास्त्राचे अभ्यासक शिवराईची सुरुवात राज्याभिषेकापासून मानतात.

खोटी नाणी पाडणाऱ्यांना अशी रिकामी जागा फार सोयीची असते. इतिहासाला जे हवेसे वाटते आणि सापडत नाही, तेच ते घडवून आणतात. उद्या कोणी ‘राजगड’ असे टांकसाळीचे नाव असलेली किंवा १६६४ साल कोरलेली शिवराई पुढे ठेवली, तर भिंग काढण्याआधीच सावध व्हावे. अस्सल शिवराईवर टांकसाळीचे नाव नसते आणि सालही नसते. महाराजांचे चित्र तर त्यांच्या कोणत्याच नाण्यावर नाही. चित्र असलेले अधिकृत नाणे भारत सरकारने १९९९मध्ये काढले, दोन रुपयांचे. तेव्हा पहिली पारख धातूची नाही, मजकुराची. त्या काळी जे छापले जात नव्हते ते नाण्यावर दिसता कामा नये.

नाण्याच्या कसाबद्दल महाराजांचे स्वतःचे मत कागदोपत्री टिकले आहे. राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर आलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तहाची कलमे घेऊन आला होता. ईस्ट इंडिया कंपनीची नाणी स्वराज्यात चालावीत असे त्यातले एक कलम होते. त्यावर मिळालेले उत्तर असे की कोणाच्याच नाण्याला इथे मज्जाव नाही, पण ज्यात रयतेचे नुकसान आहे ते नाणे घ्या अशी सक्ती करता येणार नाही. इंग्रजांचे नाणे मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्यांइतके कसाचे आणि वजनाचे असेल, तर ते आपोआप चालेल. राजमुद्रेच्या शिक्क्यापेक्षा धातू आणि वजन श्रेष्ठ, हा हिशेब त्या उत्तरात स्वच्छ आहे.

शिवराई घडायची हाताने. तांब्याची चकती तापवून खालच्या पक्क्या बसवलेल्या ठशावर ठेवायची, वरचा ठसा तिच्यावर धरायचा आणि घण मारायचा. ठसा बहुतेक वेळा चकतीहून मोठा असे. त्यामुळे सगळी अक्षरे आणि भोवतीचे ठिपक्यांचे कडे एकाच नाण्यावर पुरे उतरलेले क्वचितच दिसते. कुठे ‘श्री’ अर्धी कापली जाते, कुठे ‘पति’चा ‘ति’ कडेबाहेर जातो. घणाखाली तांबे पसरते, कडेला चिरा पडतात, जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. महाराजांच्या काळातल्या मानल्या जाणाऱ्या पूर्ण शिवराईचे वजन साधारण ११ ते १३ ग्रॅम भरते. तिच्या खालची लहान नाणीही निघाली.

हे नाणे महाराजांनंतरही थांबले नाही. सातारकर छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या अमलात शिवराई महाराजांच्याच नावाने पाडली जात राहिली. परवान्यावर चालणाऱ्या टांकसाळी वाढल्या, वजन उतरले, अक्षर बिघडले. ‘शिव’चा ‘सीव’ झाला, ‘पति’चा ‘पती’ झाला. मागच्या बाजूला दोन आडव्या रेघा असलेली ‘दुदांडी’ याच पुढच्या काळातली. इंग्रजी अमलातही खेडोपाडी शिवराई चालत होती. म्हणून मुंबईत राहणारे अमेरिकन मिशनरी जस्टिन ॲबट यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हजारो शिवराया तपासून अक्षरांचे भेद नोंदवता आले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा मराठ्यांची चलने आणि टांकसाळी यांवरचा निबंधही त्याच सुमाराचा.

या साऱ्याचा संग्राहकाला अर्थ इतकाच की ‘शिवराई खरी आहे का’ आणि ‘शिवराई महाराजांच्या काळची आहे का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पेशवाईतली दुदांडी शंभर टक्के अस्सल असते, पण ती रायगडाची म्हणून विकली तर ती फसवणूकच.

बनावट नाण्याच्या मुख्य तऱ्हा तीन. पहिली ओतीव. खऱ्या नाण्याचा साचा काढून त्यात धातू ओततात. अशा नाण्यावर अक्षरांच्या कडा मऊ, वितळल्यासारख्या दिसतात. दहापट भिंगाखाली हवेच्या बुडबुड्यांचे बारीक खड्डे दिसतात. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे कडेवर शिवण येते आणि ती घालवण्यासाठी मारलेल्या कानशीच्या रेघाही सापडतात. ओतीव मालाचा सर्वांत मोठा पुरावा मात्र दोन नाणी शेजारी ठेवल्यावरच मिळतो. एकाच ठशाखालून निघालेल्या दोन खऱ्या शिवरायांवरची अक्षरे जुळतात, पण चकतीचा आकार, चिरा आणि ठसा सरकलेली बाजू जुळत नाही. अक्षरांबरोबर कडेची चीरही हुबेहूब जुळली, तर दोन्ही नाणी एकाच साच्यातली किंवा एक दुसऱ्याची नक्कल.

दुसरी तऱ्हा नव्या ठशाची. ती ओळखणे अधिक कठीण, कारण नाणे खरोखरच ठोकलेले असते. इथे नीटनेटकेपणा घात करतो. गोल गरगरीत चकती, नेमका मध्यावर बसलेला ठसा, पुरी अक्षरे, पुरे ठिपके, आणि विक्रेत्याकडे तशी डझनभर नाणी. तिसरी तऱ्हा खऱ्या नाण्यावर हात चालवण्याची. झिजलेल्या, साध्या शिवराईवरची अक्षरे कोरणीने उठावदार करायची किंवा एखादी वेलांटी बदलून तिला दुर्मीळ प्रकारात बसवायचे. भिंगाखाली अशा नाण्यावर ठिपके झिजलेले आणि अक्षरे मात्र तीक्ष्ण दिसतात. झीज अशी निवडून होत नसते.

तांब्यावर काळाने चढलेला हिरवट-तपकिरी थर रसायनाने आणि उष्णतेनेही आणता येतो. नुसता रंग फासला असेल तर ॲसिटोनमध्ये तो सुटतो. अस्सल थर धातूच्या अंगाचाच असल्याने सुटत नाही.

सोन्याच्या होनाला पाण्यातले वजन कामी येते. महाराजांच्या नावाचे होन जगात फारच थोडे आहेत, त्यामुळे नकला त्यांच्याच अधिक. समजा नाणे २.८० ग्रॅमचे आहे. शुद्ध सोन्याची घनता १९.३, म्हणून पाण्यात बुडवून तोलल्यावर वजन सुमारे ०.१५ ग्रॅमनेच घटायला हवे. सोन्याचा मुलामा दिलेले तांबे असेल तर घट ०.३१ ग्रॅमच्या आसपास जाते. सोनाराच्या बारीक तराजूवर हा फरक लपत नाही. क्ष-किरणांनी कस सांगणारे यंत्र प्रामुख्याने वरचा थर वाचते, म्हणून जाड मुलाम्यापुढे ही साधी तपासणी अधिक भरवशाची.

नक्कल नेहमी फसवण्यासाठीच होते असे नाही. मराठी घरांतल्या पुतळीच्या माळेची पुतळी मुळात व्हेनिसचे सोन्याचे नाणे, डुकाट. व्यापारातून ते इथे आले, त्यावरच्या उभ्या आकृतींमुळे पुतळी झाले आणि मागणी वाढली तशा सोनारांनी त्याच्या नकला केल्या. लॅटिन अक्षरे न वाचता उतरवल्याने ती नुसत्या रेघा होऊन गेली. अशी पुतळी डुकाट म्हणून विकणे खोटे, दागिन्याचा भाग म्हणून ती आपल्या जागी खरी आहे. याउलट १८१८ साल आणि ईस्ट इंडिया कंपनीचे नाव घालून पाडलेल्या राम-दरबाराच्या किंवा मारुतीच्या तांब्याच्या ‘आण्या’ला कोणताही मूळ नमुनाच नाही. कंपनीने देशभर एकसारखे नाणे सुरू केले ते १८३५ साली, आणि देवदेवता त्यावर कधीच नव्हत्या. तरी ही नाणी देव्हाऱ्यात पोचली आहेत आणि लाखोंच्या आशेने विकलीही जातात. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आपले नाव वापरून शुल्क उकळले जाते, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये दिला होता.

यंत्रावरच्या नाण्यांची पारख वेगळी. १९३९ सालचा चांदीचा रुपया दुर्मीळ, म्हणून १९३८च्या रुपयातला ८ कोरून ९ केलेला आढळतो. तिथे भिंग फक्त शेवटच्या अंकाभोवती फिरवायचे. १९४०पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि नकलांना आळा घालण्यासाठी दातेरी कडेत खाच असलेली सुरक्षा कडा आली.

प्रत ठरवण्याची आजची व्यावसायिक पद्धत याच यंत्रयुगातून निघाली. विल्यम शेल्डन यांनी १९४९मध्ये अमेरिकेच्या जुन्या सेंटसाठी १ ते ७० गुणांची पट्टी मांडली. १९८६मध्ये पीसीजीएस आणि १९८७मध्ये एनजीसी या कंपन्या निघाल्या. त्या नाणे तपासतात, गुण देतात आणि क्रमांकासह प्लास्टिकच्या डबीत बंद करतात. अनोळखी माणसाकडून नाणे घेणाऱ्याला यामुळे मोठा आधार मिळाला. पण बनावट डब्याही निघाल्याच. म्हणून डबीवरचा क्रमांक कंपनीच्या नोंदीशी आणि छायाचित्राशी ताडून पाहावाच लागतो.

शिवराईला मात्र ही सत्तर गुणांची पट्टी तोकडी पडते. तिची किंमत केवळ झिजेवर ठरत नाही. ठसा कोणता, किती अक्षरे उतरली, चकती किती भरली, थर शाबूत आहे का, हे चारही वेगवेगळे पाहावे लागते. प्राचीन नाण्यांसाठी एनजीसी ठशाची उठावण आणि पृष्ठभाग यांना पाचपैकी वेगळे गुण देते. ती वाट शिवराईला अधिक जवळची. शिवाय १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू आहे आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या प्रयोगशाळेचा रस्ता इथेच बंद होतो. शिवराईची पारख महाराष्ट्रातच उभी राहायला हवी.

तिचा पाया घातला गेलेला आहे. नाशिकजवळ अंजनेरीला १९८०मध्ये नाणकशास्त्राची संशोधन संस्था सुरू झाली. के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा मराठ्यांच्या टांकसाळी आणि नाण्यांवरचा ग्रंथ १९८९मध्ये तिथूनच निघाला. अस्सल नाणी डोळ्यांखालून घालायला मुंबईत रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय आहे, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे नाण्यांचे दालन आहे.

कायद्याची दुसरी बाजूही ध्यानात हवी. चलनी नाण्याची नक्कल हा बनावट चलनाचा गुन्हा. शिवराई आज कायदेशीर चलन नाही, म्हणून तिची नक्कल खरी म्हणून विकणे हा फसवणुकीचा गुन्हा ठरतो. आठवण म्हणून उघडपणे विकलेली प्रतिकृती गुन्हा नाही. पण तिच्यावर ‘प्रतिकृती’ असा स्पष्ट शिक्का असता, तर तिसऱ्या-चौथ्या हाती गेल्यावरही ती कोणाला फसवू शकली नसती. जमिनीत सापडलेल्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्याला देणे १८७८च्या कायद्याने बंधनकारक आहे. राजगडासारख्या संरक्षित गडावर उकरणे तर सरळ गुन्हाच. शिवाय कोणत्या थरात, कशाबरोबर नाणे होते ही माहिती उकरण्यात कायमची नष्ट होते. १६६४च्या नाण्यांचा प्रश्न सुटायचा असेल तर तो अशा जागेवरच्या पुराव्यानेच सुटेल.

अनेक घरांच्या देव्हाऱ्यात आजही एखादी शिवराई असते. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला ती चिंचेने किंवा लिंबाने लखलखीत घासली जाते. त्या घासण्यात थर जातो, अक्षरांच्या कडा जातात आणि जाणकाराच्या लेखी नाण्याची प्रत कायमची उतरते. माती असेल तर साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर घरगुती उपाय न करता संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवावी. मग कडेने धरून दोन्ही बाजूंचे मोजपट्टीसह छायाचित्र काढावे, सोनाराकडे शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर वजन करावे, आणि घरात ती कोणाकडून आली ते लिहून ठेवावे. भोर-वेल्ह्यातल्या शंभर घरांतून अशी शंभर टिपणे जमली, तर ठशाशी ठसा लावून पाहता येईल, कोणता ठसा कुठवर पोचला ते नकाशावर मांडता येईल, आणि बाजारात नव्या ठशाची शिवराई आली की ती ताडून पाहायला खऱ्या नाण्यांची नोंदवही हाताशी असेल.