घासणीचा हिशेब

वस्तूची किंमत आणि तिचा समाजावर पडणारा खर्च यांतील तफावत समजावून सांगताना पोलादाच्या किंवा खताच्या कारखान्याचे उदाहरण देण्याचा प्रघात आहे. वस्तुतः इतक्या दूर जाण्याचे प्रयोजन नाही. मोरीवरचा स्पंज पुरेसा आहे. अल्प मोलाचा हा तुकडा पॉलियुरेथेनचा. त्यावरचा खरखरीत थर बहुधा नायलॉनचा वा पॉलिएस्टरचा. तो ‘झिजला’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्याचे सूक्ष्म कण सांडपाण्याबरोबर वाहून गेलेले असतात. १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकचे चमचे, थाळ्या, स्ट्रॉ यांवर देशात बंदी आली. त्या यादीत घासणी नाही. त्याच वर्षी उत्पादकांवर प्लॅस्टिक-वेष्टनाची जबाबदारी टाकणारी नियमावली आली. म्हणजे स्पंजावरच्या पातळ वेष्टनाचा जाब कारखानदाराला द्यावा लागतो, आतल्या स्पंजाचा मात्र नाही!

निदान आरोग्याच्या दृष्टीने तरी हा सौदा फायद्याचा आहे काय? २०१७ साली जर्मन संशोधकांनी वापरातले १४ स्पंज तपासले. त्यांत दाटीच्या जागी एका घनसेंटिमीटरमागे सुमारे ५,४०० कोटी जिवाणू आढळले. हे सारेच रोगकारक नसतात, हे खरे. परंतु जे स्पंज नियमित निर्जंतुक केले जात असल्याचे सांगण्यात आले, त्यांतही जिवाणूंची संख्या कमी नव्हती. पुढे नॉर्वेतील संशोधनात असे दिसले की, वापरानंतर वाळणाऱ्या ब्रशात साल्मोनेला मरतात, ओलसर स्पंजात मात्र तग धरतात. तेव्हा मुख्य प्रश्न ओलाव्याचा आहे.

आपल्याकडची नारळाची शेंडी आणि वाळलेल्या घोसाळ्याची जाळी मोकळ्या धाग्यांची असल्याने उन्हात लवकर सुकतात आणि टाकल्यावर मातीत मिसळतात. जुने ते सारे निर्मळ होते, असे मात्र मी म्हणणार नाही. चुलीच्या राखेतील क्षार तेलकटपणा काढत, पण रस्त्याकडेची माती भांड्यांना लावणे म्हणजे रोगाला घरात आमंत्रण देणेच होते. शिवाय या घासण्या दुकानात सहजी मिळत नाहीत. कोकणात नारळाची सोडणे आजही बंबात जळतात. ती भिजवून, कुटून, काथ्या बांधण्याचे श्रम मोजावे, तर तयार घासणी स्पंजाहून महाग पडते. स्पंज स्वस्त पडतो, कारण त्याच्या विल्हेवाटीचा खर्च नगरपालिकेच्या खाती पडतो. निदान वेष्टनाला लावलेला नियम आतल्या स्पंजालाही लावावा, म्हणजे काथ्याला बाजारात बरोबरीने उभे राहता येईल.