दिवाळी पाडव्याचं कोल्हापूर, पायी

बिंदू चौकातल्या वाहनतळात आता एकही जागा नाही. सकाळचे साडेनऊ होतायत आणि पुण्या-मुंबईच्या, गोव्याच्या, बेळगावच्या गाड्या रस्त्याला खिळून उभ्या आहेत. काचा बंद, इंजिनं चालू. पोलीस शिट्ट्या मारून त्यांना पुढे काढायला बघतोय, पण पुढे रस्ताच उरलेला नाही. मामी पदर खोचते आणि त्या गर्दीतून सरळ वाट काढते. तिचा सगळा जन्म मंगळवार पेठेत गेला. "गाडीत बसून काय दिसणार हाय ह्यांना?" ती म्हणते. "चल, चालत जाऊया की."

चौकातल्या महात्मा फुले आणि बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यांना कुणीतरी पहाटेच ताजे हार घातलेत. भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं ९ डिसेंबर १९५० रोजी हे पुतळे इथे उभे राहिले, तेव्हा बाबासाहेब हयात होते. हयातीतच त्यांचा पुतळा उभारणारं हे गाव. देवदर्शनाला आलेली माणसं पुतळ्यांना वळसा घालून घाईनं निघून जातात, याची मला हळहळ वाटते. दोन मिनिटं थांबावं अशी ही जागा आहे.

भवानी मंडपात शिरल्यावर जुन्या राजवाड्याच्या कमानीखाली जरा गारवा लागतो. अंबाबाईच्या दर्शनाची रांग इथवर आली आहे. नव्या पैठण्या, नवे कुर्ते, बापाच्या खांद्यावर पेंगुळलेली पोरं. मामी रांगेकडे नजर टाकते आणि मला उलट्या बाजूला वळवते. "आई कुठं जात नाही. आधी खासबाग बघून येऊ."

खासबागेच्या वाटेवर केशवराव भोसले नाट्यगृहापाशी तिची पावलं जड होतात. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं हे थिएटर ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री रस्त्यावर उभे राहून रडणाऱ्यांत मामीही होती. आयुष्यातलं पहिलं नाटक तिनं इथेच, आईच्या मांडीवर बसून पाहिलेलं. दगडी भिंती टिकल्या आहेत. आज सुट्टी म्हणून आतून हातोड्यांचा आवाज येत नाही. मामी भिंतीला हात लावते, मग तोच हात कपाळाला लावते. मीही लावते.

शेजारचं खासबाग मैदान १९१२ मध्ये पुरं झालं. युरोपच्या दौऱ्यात रोममधले जुने आखाडे महाराजांनी पाहिले होते, त्यावरून त्यांना हे सुचलं असं सांगतात. मधोमध लाल मातीचा हौदा आणि भोवती चढत जाणारी गोल बैठक, त्यामुळे सगळ्यात मागे बसलेल्या माणसालाही डाव दिसतो. मी वरच्या पायरीवर जाऊन बसते आणि खाली बघते. खरंच, मध्ये काहीही येत नाही. हौद्याच्या कडेला दोन शाळकरी पोरं एकमेकांची मानगूट धरून जोर लावतायत. सुट्टी त्यांनाही आहे, पण मैदान सुटलेलं नाही.

देऊळ मामीच्या सल्ल्यानं मुखदर्शनावर उरकतो आणि महाद्वारातून बाहेर येतो. इथे मी देवळाकडे पाठ करून उभी राहते. समोर महाद्वार रोड पश्चिमेकडे गेलेला. अंबाबाईचं तोंड पश्चिमेला, म्हणून ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं याच वाटेनं गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी पायांशी, मग वर, आणि तिसऱ्या दिवशी मुखावर. ढग, धूळ, वाटेतली एखादी वाढलेली भिंत, कशानंही किरणं अडतात. शेकडो वर्षांपूर्वीच्या गवंड्यांनी सूर्याचा हिशोब बांधकामात धरला होता. आता त्या वाटेवरचा एकेक मजला आपण सांभाळला पाहिजे.

शिवाजी पेठेत गर्दी एकदम विरते. गल्लीगल्लीत किल्ले आहेत. एका बोळाच्या तोंडाशी तर अख्खा पन्हाळा उभा आहे: दगडमातीच्या ढिगावर पोती, पोत्यांवर चिखल, चिखलात पेरलेलं आणि आता बोटभर वाढलेलं अळीव. पाचवी-सहावीतला एक मुलगा काठीनं दाखवत सांगतो, "ही सज्जा कोठी, हा तीन दरवाजा. हितं सिद्दी जौहरचा वेढा. ही पालखी शिवा काशीदांची, खरे महाराज ह्या वाटेनं गेले." त्याची काठी चिखलातल्या पायवाटेवरून पावनखिंडीपर्यंत जाते आणि तिथे थांबते. साल विचारलं तर क्षणात उत्तर येतं, "सोळाशे साठ!" किल्ल्याच्या पायथ्याशी ठेवलेल्या डब्यात मामी नोट टाकते. "चार रात्री जागून केलाय, मावशी," तो म्हणतो. त्याच्या नखांत अजून माती आहे.

रंकाळ्यावर फार वेळ थांबत नाही. पाणी छान आहे, वारा छान आहे, चौपाटीवर भेळ खाऊन होते. पण मामीचं लक्ष घड्याळाकडे. दुपार कलली की गंगावेशीकडे सगर, म्हणजे नटवलेल्या म्हशींची मिरवणूक, सुरू होते.

गंगावेस ही दुधाची जागा. इथल्या कट्ट्यावर म्हैस समोर पिळतात आणि फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. आज त्याच म्हशींचा मान. शनिवार पेठेतून त्या येतात आणि रस्ता दुभंगतो. रंगवलेली शिंगं, त्यांवर मोरपिसांचे तुरे, गळ्यात कवड्यांच्या माळा, पायांत चांदीचे तोडे, पाठीवर चमचमत्या रंगात लिहिलेलं नाव. हलगी कडकडते. एक तरुण गवळी मोटरसायकल पिसाळल्यागत फिरवतो, आणि मागून त्याची म्हैस मान उंचावून, दावं नसताना, त्या आवाजाच्या मागे धावत सुटते. तो थांबला की ती थांबते. मग तो उतरतो, तिच्या कपाळावर कपाळ टेकतो, आणि ती डोळे मिटते.

"ओ वैनी, मागं सरा, म्हस बुजंल!" कुणीतरी ओरडतं. मामी मला भिंतीकडे ओढते. "मी हितंच थांबतो," ती म्हणते, "तू फुडं जाऊन नीट बघ." नटलेल्या म्हशीला एक आजीबाई ओवाळतायत. ताटात निरांजन, हळदकुंकू, आणि तिच्यासाठी करंजी. वर्षभर घर चालवणाऱ्या जनावरासाठी काढलेला हा दिवस. इतका देखणा सण मी दुसऱ्या कुठल्या शहराच्या भर रस्त्यात पाहिलेला नाही.

बिंदू चौकापासून इथपर्यंत जे जे पाहिलं, ते सगळं दोन-अडीच किलोमीटरांच्या आवाक्यात आहे. म्हणून दिवाळीत कोल्हापूरला याल तर गाडी गावाबाहेर ठेवा, देवदर्शनावर समाधान मानून परत फिरू नका, पेठांतून चाला. पाडव्याची दुपार गंगावेशीसाठी राखून ठेवा, आणि म्हशी येतील तेव्हा फटाका लावू नका.