धाडहून विमान सुटतं कुठून?

हवाई अंतर काढून देणाऱ्या एखाद्या संकेतस्थळाला ‘धाड ते मुंबई’ विचारलं, की उत्तर तयार असतं: साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर, जेमतेम अर्धा तास. हे विमान धाडच्या बसस्टँडवरून सुटतं की आठवडी बाजारातून, एवढंच विचारायचं राहतं. यंत्राला धावपट्टीशी देणंघेणं नाही. दोन गावांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वीच्या गोलावरचं अंतर काढायचं, ताशी ८००ने भागायचं. गणित बरोबर असतं, फक्त ते प्रवाशाचं नसतं.

प्रवाशाला आधी भोकरदनमार्गे छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा विमानतळ गाठावं लागतं. दोन-अडीच तास त्यातच जातात. उड्डाणाच्या तासभर आधी तरी पोचायचं, ते वेगळंच.

तिथून मुंबई सरळ रेषेत साधारण २८० किलोमीटर. ८००ने भागलं तर एकवीस मिनिटं, आणि तिकिटावर मात्र तासाहून थोडं जास्त. कंपनी फसवते, असं लोकांना वाटतं. पण तिकिटावरचा वेळ जागेवरून विमान हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं त्यातच आलं. दहा हजार फुटांखाली सहसा ताशी २५० नॉट, म्हणजे सुमारे ४६३ किलोमीटरच्या वर जायचं नसतं. एवढ्या जवळच्या पल्ल्यात चढून होतं न होतं तोच उतरायची तयारी. त्यात मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दी असली की विमान आभाळातच घिरट्या घालतं. आपली एस.टी. फाटकाशी थांबते, तसंच.

‘जायला जेवढा वेळ, तेवढाच यायला’ हेही खरं नाही. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. म्हणून लंडनहून मुंबईला येताना बहुधा जाण्यापेक्षा कमी वेळ लागतो.

मुंबई-न्यूयॉर्कचा मार्ग भिंतीवरच्या नकाशात उत्तरेकडे वाकलेला दिसतो, तो वळसा नव्हे. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा, दोराही तिकडूनच जातो. खरा वळसा पडतो तो सरहद्दींमुळे. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या आपल्या विमानांचा वेळ वाढला. शहरं होती तिथेच होती.

आणि पोरगं परदेशी गेलेल्या घरांत हमखास मांडला जाणारा हिशेब: ‘रात्री दोनला बसला, सकाळी सातला लंडनला उतरला. पाचच तास!’ तिकिटावर दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे, म्हणजे पोरगं साडेदहा तास विमानात होतं. मार्चअखेर तिकडची घड्याळं तासभर पुढे सरकतात, मग पाचात साडेचारच मिळवायचे.