एक हजार फुटांचे अंतर

1996 सालच्या नोव्हेंबरच्या 12 तारखेस, संध्याकाळी, दिल्लीहून धाहरानला निघालेले सौदी अरेबियाचे बोइंग 747 विमान वर चढत होते, आणि चिमकेंतहून आलेले कझाकस्तानचे इल्यूशिन 76 त्याच वाटेने खाली येत होते. कारण नागरी विमानांच्या जाण्यायेण्यास त्या काळी तेथे हवाई मार्ग एकच होता. जाणाऱ्याने 14,000 फुटांवर व येणाऱ्याने 15,000 फुटांवर राहावे, असा नियंत्रकाचा हुकूम होता, आणि तो पाळला जाता तर एक विमान दुसऱ्याच्या डोक्यावरून निर्वेधपणे निघून गेले असते. परंतु कझाक विमान नेमल्या पातळीच्याही खाली उतरले, आणि हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात झालेल्या टकरीत दोन्ही विमानांतील सर्वच्या सर्व 349 माणसे प्राणास मुकली.

न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत ठपका कझाक विमानचालकांवर आला, आणि तो यथार्थच होता. तथापि विचार करावयाचा तो याचा की, हुकूम मोडला जात असता नियंत्रकास त्याची खबर का लागली नाही. दिल्लीचे तेव्हाचे रडार प्राथमिक जातीचे होते. असे रडार विमानावर आदळून परतलेल्या रेडिओलहरींवरून त्याचे अंतर व दिशा सांगते, उंची मात्र सांगत नाही. त्यामुळे ज्या 1,000 फुटांवर शेकडो जीवांची भिस्त होती, त्यांस वैमानिकाच्या तोंडच्या शब्दावाचून अन्य साक्षीदारच नव्हता.

दुय्यम रडार ही उणीव भरून काढते. ते विमानास प्रश्न करते, आणि विमानातील ट्रान्सपॉन्डर हवेच्या दाबावरून मोजलेली उंची उत्तरादाखल आपोआप कळविते. हीच प्रश्नोत्तरे विमानाविमानांत परस्पर घडवून आणणारे यंत्र म्हणजे ‘टीकॅस’. टकरीचा संभव दिसताच, उंचीच्या मानाने 20 ते 48 सेकंद आधी, ते वैमानिकास सावध करते, आणि धोका टळला नाही तर एकास ‘चढ’ व दुसऱ्यास ‘उतर’ अशी आज्ञा देते. दादरीच्या दुर्घटनेनंतर भारताने हे यंत्र सक्तीचे केले आणि दिल्लीत जाण्यायेण्याचे मार्ग निराळे केले.

परंतु रखवालदार दोन झाले की त्यांत श्रेष्ठ कोण, हे आधीच ठरवावे लागते. 1 जुलै 2002 रोजी, जर्मनीतील युबरलिंगेनच्या आकाशात, यंत्र ‘चढा’ म्हणत असताही रशियन तुपोलेव विमान नियंत्रकाच्या सांगण्यावरून उतरत राहिले, समोरचे बोइंग 757 यंत्राची आज्ञा मानून उतरत होते, आणि 71 माणसे गेली. यंत्र व नियंत्रक यांच्यात विरोध आल्यास यंत्राचीच आज्ञा मानावी, असा निःसंदिग्ध दंडक त्यानंतर घालण्यात आला.

एका माणसाच्या एका चुकीने शेकडो जीव जाऊ शकतात, अशी व्यवस्था, ती चूक होण्यापूर्वीच सदोष असते. आणि म्हणून चूक करणारास शोधण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, चुकीची वाट अडविणारा दुसरा पहारा आधी बसविणे हे राज्यकर्त्यांचे कर्तव्य आहे.